वाजंत्री : रुपये ६१

आमच्या लहानपणी देगलूरला सगळ्याच गोष्टी उशिरा येत. वर्तमानपत्र दुपारच्या मोटारीने यायचे. बर्फाची लादी भुशात गुंडाळून यायची, ती निम्मी वाटेतच पाणी होऊन. आणि बोलपट यायचे तेव्हा मुंबईतले लोक ते विसरूनही गेलेले असायचे. देगलूर म्हणजे नांदेड जिल्ह्याचे टोक. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. बाजारात भाजीवाली तेलुगूत भाव सांगे, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करी आणि भांडण रंगात आले की दोन्ही पक्ष उर्दूवर येत! १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, त्याची ही शिल्लक.

पण एक गोष्ट मात्र देगलूरला वेळेच्या आधी पोहोचत असे. ती म्हणजे बोलपटातली गाणी. चित्रपट यायचा तेव्हा येवो. त्याची गाणी आमच्या गावचा लग्नाचा बँड आधीच घेऊन येई. पेठेतल्या हॉटेलात एक रेडिओ होता. बँडचे मास्तर संध्याकाळी त्याच्यासमोर एक कप चहा घेऊन बसत. तो चहा दोन तास पुरवीत. त्या दोन तासांत जे कानावर पडे, ते पुढच्या मुहूर्ताला वरातीत वाजे.

मास्तरांचे वय तेव्हा साठीच्या घरात असावे. उंच, वाळकी देहयष्टी, मेंदी लावलेली दाढी आणि डोक्यावर काळी फरची टोपी. पूर्वी ते हैदराबादेला निजामाच्या पलटणीच्या बँडमध्ये होते, असे लोक सांगत. ते ट्रंपेट वाजवीत. आम्ही पोरे त्या वाद्याला सरसकट ‘पिपाणी’ म्हणत असू. पण ही पिपाणी साधी नव्हती. वरात चौकात आली की मास्तर डोक्यावरची टोपी काढून डाव्या हाताने तिच्या पितळी तोंडावर धरीत आणि उघडझाप करीत. मग त्या पितळेतून असा काही आवाज निघे की जणू कुणी गालातल्या गालात हसते आहे. आम्हांला वाटे, ही युक्ती जगात एकट्या आमच्या मास्तरांनाच ठाऊक आहे.

१९६७ सालच्या दिवाळीनंतर मी त्यांच्यामागे लागलो. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. गावाबाहेर एका चिंचेखाली मास्तर सकाळी सराव करीत. मी शिकवणीच्या नावाखाली दप्तर घेऊन निघे आणि चिंच गाठी. पहिले चार दिवस त्यांनी वाद्याला हातच लावू दिला नाही. पाचव्या दिवशी दिला. मी गाल फुगवून प्राणपणाने फुंकर मारली. त्यातून म्हैस रुतल्यासारखा आवाज निघाला.

“नक्को बेटा,” मास्तर म्हणाले, “गालां नक्को फुलाओ. हवा पेट से लाओ.”

तीन महिने ही शिकवणी चालली. सरळ सूर काढता येऊ लागले. तीन कळांवर बोटे बसू लागली. आणि मग व्हायचे तेच झाले. कुणीतरी अण्णांना सांगितले. अण्णा तहसिलीत कारकून. त्यांनी मला मारले नाही, रागावलेसुद्धा नाहीत. इतकेच म्हणाले, “वाजंत्री आपल्या दारात उभे राहतात. आपण त्यांच्यात जाऊन उभे राहत नाही.” मी चिंचेकडे जाणे बंद केले. मास्तरांना निरोपही दिला नाही. अकरा वर्षांच्या मुलाने निरोप तरी काय द्यायचा!

त्याच वैशाखात, म्हणजे १९६८ साली, आमच्या अक्काचे लग्न झाले. गावात बँड एकच. तोच ठरला. उन्हात दोन तास वरात वाजवून मंडळी मांडवापाशी आली तेव्हा त्यांचे लाल कोट घामाने काळे पडले होते. आत पहिली पंगत बसत होती. मास्तर वाद्य पुसत मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. ते माझ्याकडे पाहून हसले. तेवढ्यात उदगीरहून आलेल्या कुणा पाहुण्याने मला विचारले, “काय रे, हे आत कशाला उभे?” माझ्याभोवती नवे कपडे घातलेली माझ्याच वयाची चार मुले होती. मी मोठ्याने म्हणालो, “ए वाजंत्री, मागं जाऊन बसा. पंगती उठल्यावर बोलावू.”

मास्तरांचे हसू तसेच राहिले. “हौ मालक,” ते म्हणाले आणि मंडळींना घेऊन मागे गेले.

त्यानंतर मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. मॅट्रिक झालो, नांदेडला कॉलेज केले, बँकेत लागलो, मुंबईला आलो, डोंबिवलीकर झालो. संसार, बदल्या, कर्जाचे हप्ते. ट्रंपेट हा शब्दसुद्धा मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत उच्चारला नसेल.

आता मुंबईची गोष्ट. २०१५ साली, माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, बँकेतले माझे एक गोमंतकीय सहकारी एका शुक्रवारी दोन तिकिटे घेऊन आले. म्हणाले, “आमचा एक कोकणी चित्रपट आहे. ‘नाचोंया कुंपासार’. तुम्ही आणि वहिनी या.” कुंपासार म्हणजे तालावर; चला, तालावर नाचू या, असा त्या नावाचा अर्थ. मी विचारले, कोणत्या टॉकीजला? ते म्हणाले, “टॉकीजला नाही. वांद्र्याच्या एका सभागृहात.” हिने लगेच विचारले, “म्हणजे खुर्च्या कशा असतील?” प्रश्न रास्त होता. चित्रपट सभागृहात दाखवायचा म्हणजे सत्यनारायणाच्या रात्री चाळीत पडदा बांधून दाखवीत तसे काहीतरी असणार, अशी आमची समजूत.

खुर्च्या चांगल्या होत्या. आणि सभागृह भरलेले होते. आज्या होत्या, नातवंडे होती, काठी टेकीत आलेले म्हातारे होते. कुणी गोव्यातला खाऊ पिशवीत आणला होता. चित्रपटाला आलेले लोक सहसा एकमेकांकडे पाहत नाहीत. इथे जो तो मान वळवून ओळखीचे शोधत होता. एखाद्या घरच्या लग्नाला यावे तशी मंडळी आली होती.

चित्रपट माहितीपट नव्हे, कथापट आहे. पण त्याच्यामागे खरी माणसे आहेत. मडगावचा ख्रिस पेरी (१९२८–२००२) हा ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा जाझचा वादक आणि कोकणी गाण्यांचा संगीतकार, आणि मुंबईची गायिका लॉर्ना. त्या दोघांना दिलेली ही मानवंदना. पडद्यावर नावे बदललेली आहेत : तो लॉरी, ती दोना. विजय मौर्य आणि पालोमी घोष यांनी ती कामे केली आहेत. काळ १९६० नंतरचा, जागा मुंबईच्या रात्रीच्या हॉटेलांतली, आणि गोष्ट त्या काळची वीस जुनी कोकणी गाणी गुंफून सांगितलेली. दिग्दर्शक बार्ड्रॉय बार्रेटो मूळचे जाहिरातपटांतले. मोठा निर्माता पाठीशी नव्हता. मित्रांच्या आणि लोकांच्या पैशावर त्यांनी हा चित्रपट उभा केला.

गाणे सुरू झाले की सभागृह गाऊ लागे. माझ्या शेजारच्या बाई सत्तरीच्या असाव्यात. एक ओळ चुकत नव्हती त्यांची. मला कोकणी पन्नास टक्के कळत होती, खाली इंग्रजी अक्षरे येत होती. पण मी कशाकडेच पाहत नव्हतो. मी त्या वादकाच्या तोंडाकडे पाहत होतो. गाल सपाट होते. हवा पोटातून येत होती.

“काय झालं?” हिने मध्येच विचारले. “काही नाही,” मी म्हणालो, “थंडी वाजतेय इथल्या यंत्राची.” बायकोला लग्नाच्या पस्तिसाव्या वर्षी फसवणे सोपे नसते. तिने रुमाल पुढे केला.

त्या रात्रीपासून मला नाद लागला. जे मिळेल ते मी वाचू लागलो, ऐकू लागलो. आणि हळूहळू एक साखळी माझ्यापुढे उलगडत गेली, तिचे शेवटचे टोक आमच्या देगलूरच्या चौकात होते.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिअन्सचा किंग ऑलिव्हर हा वादक आपल्या वाद्याच्या तोंडावर कप, वाटी, टोपी, जे हाताला लागेल ते धरून माणसाच्या बोलण्यासारखे आवाज काढी. त्याचा शिष्य लुई आर्मस्ट्राँग. त्याच्या तबकड्या जगभर गेल्या, तशा मुंबईलाही आल्या. गोव्याच्या अल्डोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा मुलगा त्याच वळणाने वाजवू लागला. त्याचे नाव पडले ‘चिक चॉकलेट’, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. हॉटेलांतून रात्री वाजवायचे आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत, असा या गोमंतकीय वादकांचा दिनक्रम. त्यांना स्वरलिपी वाचता येई, कारण पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना संगीत शिकवीत. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी या चिक चॉकलेटला हाताशी धरले. १९५१ सालच्या ‘अलबेला’त भगवानदादा नाचतात आणि मागे चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतोसुद्धा. आणि ‘अलबेला’ची गाणी पेठेतल्या रेडिओवरून मास्तरांच्या चहाच्या कपापर्यंत आली होती!

मास्तरांनी टोपीची ती युक्ती पलटणीत उचलली, की कुणाकडून ऐकली, की आपली आपणच शोधली, हे आता कोण सांगणार? १९६३ साली ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद भारतात आला होता, तेव्हा हैदराबादलाही थांबला होता. देगलूरहून हैदराबाद मोटारीने एका दिवसाची वाट. मास्तर गेले असतील का? मी विचारले नाही. विचारण्याचे वय होते तेव्हा मी पिपाणीच्या कळा मोजत होतो. चिक चॉकलेट १९६७ साली वारला. म्हणजे माझी चिंचेखालची शिकवणी सुरू झाली तेच साल.

‘नाचोंया कुंपासार’ची पुढची वाटचालही मी आपल्या घरच्या मुलाच्या निकालासारखी पाहत होतो. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला तीन सन्मान मिळाले : उत्कृष्ट कोकणी चित्रपट, कलादिग्दर्शन आणि पालोमी घोष यांचा विशेष उल्लेख. २०१५च्या अखेरीस ऑस्करवाल्यांनी उत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेला पात्र अशा ३०५ चित्रपटांची यादी काढली, तीत हे नाव होते. यादीत असणे म्हणजे बक्षीस नव्हे, हे मलाही कळते. पण हॉलिवूडच्या जंगी चित्रपटांच्या रांगेत एक कोकणी नाव वाचताना मी बँकेत उभा राहून दोघांना चहा पाजला. आणि एवढे सगळे होऊनही चित्रपटाची खरी वाट तीच राहिली. टॉकीजच्या नेहमीच्या रस्त्याने न जाता, कोकणी तियात्राची मंडळी जशी गावोगाव प्रयोग करतात तसा तो सभागृहांतून फिरला. गोव्यात फिरला, मुंबईत फिरला, परदेशी राहणाऱ्या गोमंतकीयांपर्यंत गेला.

कुणी म्हणेल, बिचाऱ्याला टॉकीज मिळाली नाही. मला तसे वाटत नाही. वादकांची गोष्ट वादकांसारखीच फिरली. मुहूर्त असेल त्या गावी जायचे, मांडव असेल तिथे वाजवायचे, आणि समोरचा माणूस घरचा समजून वाजवायचे.

याच्या आधी, २०१० साली, पणजीच्या चित्रपट महोत्सवात आपल्या अशोक राणे यांनी केलेला ‘अँथनी गोन्साल्विस : द म्युझिक लेजंड’ हा माहितीपट दाखवला गेला होता. हे अँथनी गोन्साल्विस म्हणजे माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदाची बांधणी करणारे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांचे ते गुरू. १९७७ साली शिष्याने गुरूचे नाव एका गाण्यात घातले आणि ते देशभर झाले. गंमत पाहा, नाव सगळ्यांना पाठ, आणि त्या नावाचा खरा माणूस गोव्यात जिवंत आहे हे फारच थोड्यांना ठाऊक! २०१२च्या जानेवारीत ते गेले. त्याआधी तो माहितीपट झाला, हे केवढे भाग्य.

कारण आपल्या जुन्या बोलपटांची श्रेयनामावली आठवून पाहा. ‘संगीत’ म्हणून एक नाव. वाजवणारे पन्नास जण, त्यांच्यासाठी सूर लिहून देणारे दोघे-तिघे, ती नावे कुठे आहेत? असलीच तर ‘सहाय्यक’ म्हणून बारीक अक्षरात. ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी प्राध्यापकाने २००५ साली आपल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिले आणि २००८ साली मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांवर दुसरे. दोन्ही पुस्तके एकाच माणसाला लिहावीशी वाटली, यात मला काही नवल वाटत नाही. एक सूर बांधीत होते, दुसरे तो गावोगाव पोहोचवीत होते. नाव मात्र दोघांचेही गेले.

हे सगळे मी मोठ्या तोऱ्यात लोकांना ऐकवीत असे. मित्रांच्या बैठकीत माझे ‘अनाम वादक’ या विषयावर व्याख्यानच तयार झाले होते. गेल्या उन्हाळ्यात ते बंद पडले.

झाले असे की देगलूरचे जुने घर आवरायला काढले. माळ्यावरच्या पेटीत अण्णांची वही सापडली : ‘चि. सौ. कां. हिच्या विवाहाचा खर्च, वैशाख १८९०’. शके १८९० म्हणजे १९६८. अण्णांचा हिशेब तहसिलीतला. आचाऱ्याचे नाव आणि गाव. मांडववाल्याचे नाव. गॅसबत्त्या भाड्याने देणाऱ्याचे नाव. पत्रावळी लावणाऱ्या बाईचे नाव. रेती ज्याच्या गाढवांवरून आली त्याचे नाव, आणि गाढवे किती तेसुद्धा! आणि चौथ्या पानावर एक ओळ : ‘वाजंत्री : रुपये ६१’.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग अण्णांवर रागावायला गेलो आणि थबकलो. कारण मलासुद्धा त्यांचे नाव ठाऊक नव्हते. तीन महिने ज्याच्यासमोर मांडी घालून बसलो, त्याला मी एकदाही नाव विचारले नव्हते. चिंचेखाली ‘मास्तर’ आणि मांडवात ‘ए वाजंत्री’. बस. गावात चौकशी केली. हॉटेल केव्हाच गेले. तिथे आता मोबाईलचे दुकान आहे. जुनी माणसे म्हणत, “हां, बँडवाले मास्तर ना! टोपीवाले!” नाव कुणालाच सांगता येईना. वरातीत आता डीजे वाजतो.

डोंबिवलीला परतल्यावर अक्काला फोन केला. ती उदगीरला असते, सत्तरी उलटलेली. फार आशा नव्हतीच.

तिने नाव ताबडतोब सांगितले. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

“तुला कसं ठाऊक?”

“ते आले होते की घरी,” अक्का म्हणाली. “तुझं जाणं अण्णांनी बंद केलं ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मागच्या दारानं. बच्चा आजारी आहे का, म्हणून विचारायला. मी म्हटलं, कोण आलं म्हणून सांगू? तर त्यांनी नाव सांगितलं. हातात दोन मोसंबी होती तुझ्यासाठी.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“अण्णांनी शपथ घातली होती. आणि मोसंबी तू खाल्लीस की रे! ताप होता तुला. मी म्हटलं, बाजारातून आणली.”

फोनवर बराच वेळ कुणीच बोलले नाही. मोसंबी मला आठवत नव्हती. वैशाखातला तो मांडव मात्र लख्ख आठवत होता. ते हसले होते ते एका बरा झालेल्या मुलाकडे पाहून, हे मला अठ्ठावन्न वर्षांच्या आत कळायला हरकत नव्हती.

वही आता माझ्या टेबलावर आहे. ‘वाजंत्री’ या शब्दावर मी काट मारली नाही. अण्णांच्या अक्षरात खाडाखोड करायचा मला अधिकार नाही. त्याच्यापुढे थोडी जागा होती, तिथे पेन्सिलीने नाव लिहिले. ते इथे मुद्दाम देत नाही. त्यांच्या घरच्या माणसांना विचारल्याशिवाय ते छापायचे नाही, असे मी ठरवले आहे. मुलगा होता, नातवंडे असतील; मागच्या खेपेला मी टोपीवाल्या मास्तरांना शोधत होतो, आता नावाने शोधता येईल.

भाऊबीजेला उदगीरला जातो आहे. दुसऱ्या दिवशी देगलूर. अक्का म्हणाली, “मीपण येते. तुला एकट्याला दारात उभं राहून बोलता यायचं नाही.” येताना मोसंबी घेऊन ये, असेही म्हणाली. दोन नको, डझनभर घे, म्हणाली.